कॉक्लिअर इम्प्लांट झालेले बालक व ग्रामीण प्राथमिक शाळा

प्रास्ताविक

नगर-पुणे रस्त्यावरील केडगाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. तथापि, त्याच्या सभोवारच्या अरणगाव, नेप्ती, चास यांसारख्या गावांत मुलांच्या शिक्षणाचा मुख्य आधार आजही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा हाच आहे. पूर्वी अशा गावात एखादे मूल जन्मतः बहिरे निघाले, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असत. दूरच्या मूकबधिर विद्यालयात वसतिगृहात राहावयाचे, किंवा घरी गुरे राखीत आयुष्य कंठावयाचे. गावच्या शाळेची पायरी ते मूल सहसा चढत नसे.

आज ही स्थिती पालटली आहे. कानातील शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लिआत, शस्त्रक्रियेने विद्युत्-यंत्र बसविलेली बालके इतर मुलांच्या बरोबरीने गावच्या शाळेत बसू लागली आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा या दोहोंनी त्यांचा हा अधिकार मान्य केला आहे. परंतु कायद्याने शाळेचे दार उघडते. वर्गात बसल्यावर त्या बालकास काय ऐकू येते व काय ऐकू येत नाही, हे पाहण्याचे काम शिक्षकाचेच राहते.

दुसरीच्या वर्गात असे एक बालक आहे, अशी कल्पना करावी. सकाळी हजेरीच्या वेळी ते मोठ्याने ‘हजर’ म्हणते. गणिताच्या तासाला उत्तरही देते. मधल्या सुटीनंतर मात्र हाक मारली तरी मान वर करीत नाही. गुरुजींना वाटते, मूल हट्टी झाले; आता लक्ष देत नाही. ते रागावतात. मूल त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते, आणि मग खाली पाहू लागते. वस्तुतः त्याच्या कानामागील यंत्राची बॅटरी सुटीतच संपलेली असते. लहान मुलास यंत्र बंद पडले आहे, हे पुष्कळदा सांगता येत नाही. कारण एकाएकी सारे शांत झाले, एवढेच त्याला कळते. अपराध बॅटरीचा आणि शिक्षा बालकाला, असा प्रकार घडू नये, यास्तव या विषयाची व्यावहारिक माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

यंत्राचे स्वरूप

निरोगी कानात आवाजाच्या लाटा पडद्यावर आपटतात, तीन लहान हाडांच्या साखळीतून आत जातात आणि शंखातील द्रवाला हलवितात. तेथे सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या या हालचालीचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करून श्रवणनाडीमार्फत मेंदूकडे धाडतात. या पेशी जन्मतः नसल्या किंवा आजाराने नष्ट झाल्या, तर नाडी शाबूत असूनही मेंदूपर्यंत आवाज पोचत नाही. नेहमीचे श्रवणयंत्र आवाज केवळ मोठा करते. ऐकणाऱ्या पेशीच नसतील तर मोठ्या आवाजाचाही उपयोग होत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट हे या पेशींना वगळून थेट नाडीस संदेश देते. त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे बसतो. त्यात मायक्रोफोन, आवाजाचे पृथक्करण करणारा प्रोसेसर व बॅटरी असते, आणि त्याला तारेने जोडलेली एक चकती डोक्याच्या कातडीवर लोहचुंबकाने चिकटते. काही नव्या यंत्रांत हे सर्व एकाच चकतीत सामावलेले असते. आतला भाग कातडीखाली हाडावर बसविलेला असतो व त्याची बारीक तार शंखात सोडलेली असते. त्या तारेवर निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत सामान्यतः १२ ते २२ विद्युत्-अग्रे असतात.

१५ हजार पेशींचे काम या थोड्या अग्रांनी करावयाचे आहे, ही गोष्ट शिक्षकांनी मनावर ठसवून घ्यावी. या एका गोष्टीतून पुढील बहुतेक सर्व सूचना आपोआप निघतात. शांत जागी, जवळून बोललेले शब्द अशा बालकास चांगले कळू शकतात. गोंगाटात, दुरून, किंवा अनेकजण एकाच वेळी बोलत असताना मात्र त्याची फार ओढाताण होते. एकाच कानात यंत्र असेल, तर आवाज कोणत्या दिशेने आला हेही त्यास उमगत नाही. यंत्र म्हणजे नवा कान नव्हे. ते एक साधन आहे, आणि साधनाला मर्यादा असतात.

या साधनामागे दीर्घ परिश्रम आहेत. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिस येथे जुर्नो व एरिएस यांनी श्रवणनाडीस विद्युत्-प्रवाहाने चेतविण्याचा पहिला प्रयोग माणसावर केला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ साली अनेक अग्रांचे यंत्र बसविले. क्लार्क यांचे वडील स्वतः कमी ऐकत. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना वडिलांची होणारी कुचंबणा मुलाने लहानपणी पाहिली होती. महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेच्या प्रसारात मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचा मोठा वाटा असून २०१४ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. केंद्र शासनाच्या एडिप योजनेखाली अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील लहान बालकांना हे यंत्र मिळण्याची सोय आहे. २०१४ च्या सुधारित योजनेत एका यंत्रास ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले होते. या कामाची मुख्य जबाबदारी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण दिव्यांगजन संस्थेकडे आहे.

श्रवणवय

शस्त्रक्रिया झाली की मूल लगेच बोलू लागते, असा पालकांचाच नव्हे, तर पुष्कळ शिक्षकांचाही समज असतो. तो खरा नाही. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी यंत्र प्रथम सुरू करतात. त्या दिवसापासून त्या बालकाचे ऐकणे जन्म घेते. जन्मतः बहिऱ्या मुलास चौथ्या वर्षी यंत्र बसले आणि सहाव्या वर्षी ते पहिलीत आले, तर त्याचे वय ६ असले तरी श्रवणवय २ च असते. दोन वर्षांच्या मुलाकडून आपण जेवढ्या भाषेची अपेक्षा करतो, तेवढीच त्याच्याकडून आरंभी करणे न्याय्य होय. त्याची बुद्धी मात्र सहा वर्षांचीच असते, हेही विसरू नये. भाषा थोडी म्हणून आकलन थोडे, असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक ठरेल.

यंत्राची जुळणी, जिला मॅपिंग म्हणतात, ती श्रवणतज्ज्ञ करतात. पहिल्या वर्षी ती वारंवार करावी लागते. पुढे ठराविक काळाने करावी लागते. जुळणीसाठी मूल शहरात गेले, तर ती गैरहजेरी म्हणजे शाळा बुडविणे नव्हे. जुळणीनंतर काही दिवस आवाज निराळा वाटून मूल कुरकुर करते. त्या दिवसांत शिक्षकांनी धीर धरावा व त्यास काय बदलले वाटते, याची टिपणी करून पालकांजवळ द्यावी. शहरातील तज्ज्ञ मुलास अर्धा तास पाहतात. शिक्षक त्यास रोज पाच तास पाहतात. म्हणून शिक्षकांच्या टिपणीस फार मोल आहे.

सकाळची दोन मिनिटे

यंत्र चालू आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. डॅनिअल लिंग या श्रवणशिक्षणतज्ज्ञांनी ती प्रचारात आणली. तीत सहा ध्वनी उच्चारावयाचे असतात: आ, ई, ऊ, म्, श्, स्. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे बहुतेक आवाज या सहांच्या कक्षेत येतात.

परिपाठापूर्वी शिक्षकांनी बालकाच्या यंत्र असलेल्या बाजूस, किंचित मागे उभे राहावे, म्हणजे त्यास ओठ दिसणार नाहीत. तोंडावर हात धरू नये; त्याने आवाज बदलतो. नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी, मध्ये कमीजास्त विराम ठेवून, उच्चारावा. बालकाने ऐकताच हात वर करावा किंवा तोच ध्वनी म्हणून दाखवावा. प्रथम हातभर अंतरावरून व मग दोन-तीन पावलांवरून हेच करावे.

सहाही ध्वनी आले तर दिवसाचा आरंभ निर्धास्त झाला. एकही आला नाही तर बॅटरी संपली असेल, चकती सुटली असेल किंवा तार तुटली असेल. काल येत असलेले ‘श्’ व ‘स्’ आज येत नसतील, तर मायक्रोफोनवर धूळ वा ओल बसली असण्याचा किंवा जुळणी बिघडल्याचा संशय घ्यावा. एका वहीत तारीख घालून सहा रकाने आखले, तर महिनाभरात यंत्राची प्रकृती स्पष्ट दिसू लागते. मधल्या सुटीनंतर एकदा ‘आ’ व ‘स्’ एवढे दोन ध्वनी विचारले, तर प्रारंभी वर्णिलेला प्रसंग सहसा ओढवणार नाही.

वर्गाची मांडणी

बालकास पुढे बसवावे, हे सर्वांस ठाऊक असते. पण अगदी पहिल्या ओळीच्या टोकाला बसविल्यास मागे कोण बोलले, हे त्यास दिसत नाही. दुसऱ्या ओळीत, यंत्राचा कान शिक्षकांकडे व वर्गाकडे राहील, अशा कडेच्या जागी बसविणे हितावह होय. रस्त्याकडील खिडकी, पंखा व दार यांपासून जागा दूर असावी. शिक्षकांनी उजेडाकडे तोंड करून बोलावे. खिडकी पाठीशी असली की तोंडावर सावली पडते व ओठांची मदत नाहीशी होते.

फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. ओरडून बोलण्याचे कारण नाही, कारण ओरडल्याने शब्दांचे रूप विस्कटते. ओठांचे हावभावही अतिशयोक्त करू नयेत. बालकास वाक्य कळले नाही, तर तेच वाक्य चार वेळा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगावे. दुसऱ्या मुलाने उत्तर दिले, तर उत्तर देणाऱ्याकडे हात करून ते उत्तर शिक्षकांनी पुन्हा उच्चारावे. याचा लाभ साऱ्या वर्गाला होतो.

द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता बसतात. एक इयत्ता पाढे म्हणत असता दुसरीस धडा समजावणे, ही तेथील नित्याची रीत आहे. अशा बालकास ही रीत सर्वात जाचक होते. म्हणून ज्या वेळी त्याच्या इयत्तेस नवा भाग शिकवावयाचा, त्या वेळी दुसऱ्या इयत्तेस मूकवाचन, लेखन किंवा चित्रकाम द्यावे. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला, तर बोलणे थांबवून फळ्यावरील काम घ्यावे. त्या आवाजात इतर मुलांनाही फारसे ऐकू येत नसते. बाके सरकविताना कर्कश आवाज होतो. पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधल्यास तो कमी होतो. जमिनीवर सतरंजी व भिंतीवर कापडी तक्ते असले, तर खोली घुमत नाही. यास फारसा पैसा लागत नाही.

लक्ष देऊन ऐकणे हे त्या बालकास श्रमाचे काम आहे. दुपारनंतर ते थकलेले दिसल्यास त्यास आळशी म्हणू नये. भाषा व गणित सकाळी घेऊन दुपारी चित्रकला, कार्यानुभव व बागकाम ठेवणे सोयीचे होईल.

मराठी शिकविताना

काही अडचणी मराठी भाषेच्या घडणीतून येतात. प, फ, ब, भ, म हे ध्वनी ओठांवर सारखेच दिसतात. त, द, न यांतही डोळ्यांना फारसा भेद दिसत नाही. म्हणून ‘पान’ व ‘मान’ यांचा घोटाळा हा बुद्धीचा दोष नसून ऐकण्याची मर्यादा आहे.

दुसरी अडचण विभक्तिप्रत्ययांची होय. ‘ने’, ‘ला’, ‘त’, ‘चा’ हे प्रत्यय बोलताना हळू व झटकन येतात आणि निसटतात. त्यामुळे अशा बालकाच्या लेखनात ‘मी शाळा जातो’, ‘आई भाकरी दिली’ अशी वाक्ये आढळतात. लाल शाईने ती खोडून भागत नाही. ‘शाळेत’ या शब्दातील ‘त’ रंगीत खडूने लिहून, तो ऐकवून, बोलवून व पुन्हा लिहवून घ्यावा लागतो.

तिसरी अडचण श्रुतलेखनाची. इतर मुलांच्या बाबतीत श्रुतलेखन हे शुद्धलेखनाची परीक्षा घेते. या बालकाच्या बाबतीत ते यंत्राची परीक्षा घेते. क आणि ख, द आणि ध, अनुस्वार आहे की नाही, हे त्यास पुष्कळदा ऐकूनच येत नाही. त्याचे शुद्धलेखन पाहावयाचे असेल, तर शब्द क्षणभर दाखवून झाकावा व मग लिहावयास सांगावा, किंवा चित्र दाखवून नाव लिहवून घ्यावे. श्रुतलेखन घेतलेच, तर ते श्रवणाचा सराव म्हणून घ्यावे. गुण देण्यासाठी घेऊ नये.

सामुदायिक पाढे व कविता यांतही त्यास स्वतःचा आवाज वेगळा ओळखता येत नाही. समूहात उभे राहू द्यावे, पण पाढा एकट्याकडून म्हणवून घ्यावा. कवितेची चाल त्याला नेमकी पकडता आली नाही तरी ठेका पकडता येतो. टाळी व पावले यांच्या साहाय्याने कविता शिकविल्यास ते आनंदाने सामील होते.

यंत्राची निगा

नगर भागात पाऊस थोडा, ऊन व धूळ फार. यंत्राचे पहिले शत्रू धूळ, घाम व तेल. केसांना तेल लावल्यानंतर हात पुसूनच यंत्र घालावे, चकतीखालची जागा कोरडी ठेवावी व रोज मऊ कोरड्या फडक्याने यंत्र पुसावे. रात्री ते सिलिका जेल घातलेल्या झाकणबंद डबीत ठेवावे, म्हणजे दिवसभराची ओल निघून जाते. टाकाऊ बॅटरी वापरली जात असेल, तर ती आधी काढून ठेवावी. यंत्र उन्हात किंवा चुलीजवळ कधीही वाळवू नये. पाण्यात पडल्यास ताबडतोब बॅटरी काढून ते पुसावे, डबीत ठेवावे व यंत्र पुरविणाऱ्या केंद्रास कळवावे. आंघोळ, पोहणे व रंगपंचमी या वेळी बाहेरचा भाग काढून ठेवावा. आतला भाग कातडीखाली सुरक्षित असतो. आता जलरोधक आवरणे मिळतात, परंतु तज्ज्ञांना विचारल्याखेरीज त्यांवर विसंबू नये.

बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. टाकाऊ बॅटरीवरील चिकटपट्टी काढल्यावर तिला मिनिटभर हवा लागू द्यावी व मग ती बसवावी. पट्टी पुन्हा चिकटवून बॅटरी वाचत नाही. पुन्हा भरावयाच्या बॅटरीस वीज लागते. जेथे वीज वेळीअवेळी जाते, तेथे वीज असेल तेव्हाच ती भरून ठेवण्याची सवय लावावी. शाळेत एका डबीत पालकांनी दिलेली एक जादा बॅटरी, मऊ फडके आणि पालकांचा व केंद्राचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा. ही डबी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. गुंडीसारखी बॅटरी गिळल्यास जीवास अपाय होतो. तसे घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

कोरड्या हवेत प्लास्टिकच्या घसरगुंडीवर किंवा नायलॉनच्या कपड्यांत स्थितिक विद्युत् साठते. नवी यंत्रे पुष्कळ सुरक्षित असली, तरी घसरगुंडीपूर्वी बाहेरचा भाग काढणे इष्ट. यंत्राला हात लावण्यापूर्वी मुलाच्या हाताला स्पर्श करावा. विज्ञानाच्या पाठात कंगवा किंवा फुगा त्या बालकाच्या केसांवर घासू नये, आणि मोठे लोहचुंबक त्याच्या डोक्याजवळ नेऊ नये. चकती हरवली, तर प्रथम लोखंडी कपाट, बाक व झोपाळ्याची साखळी पाहावी. पुष्कळदा ती तेथेच चिकटलेली सापडते.

खेळ, रस्ता व यात्रा

बालकास खेळापासून दूर ठेवू नये. धावणे, लंगडी, दोरीवरच्या उड्या यांस हरकत नाही. डोक्यावर आघात होण्याचा संभव असलेले खेळ मात्र शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यानेच खेळू द्यावेत. खेळात शिट्टीबरोबर हात वा रुमाल वर करण्याची प्रथा ठेवावी.

नगर-पुणे रस्त्यावरील वाहतूक पाहता, रस्ता ओलांडताना दिशा न कळणे हा खरा धोका आहे. एका कानावर विसंबणाऱ्या मुलाने ‘आवाज आला म्हणजे पाहावयाचे’ ही रीत सोडून ‘आधी दोन्हीकडे पाहावयाचे’ ही सवय लावून घ्यावी. त्यास एक सोबती नेमून द्यावा. केडगावच्या रेणुकामातेच्या नवरात्रात ढोल, ध्वनिक्षेपक व गर्दी यांत त्यास बोलणे जवळजवळ कळत नाही. अशा वेळी हात धरून चालावे, भेटीची खूण आधीच ठरवावी, आणि पत्ता लिहिलेला कागद खिशात ठेवावा.

यंत्र काढल्यावर बालक संपूर्ण बहिरे असते, ही गोष्ट घरच्या माणसांनीही विसरू नये. रात्री वडील पिकाला पाणी द्यावयास गेले व मूल घरी झोपले असले, तर हाक मारून ते जागे होणार नाही. स्पर्श, दिवा व काही ठरलेल्या खुणा यांची योजना हवी. खुणा वापरल्याने बोलणे मागे पडते, अशी भीती बाळगून त्या तोडून टाकू नयेत.

पालकांशी सहकार्य

यंत्र मिळाल्यानंतर चिंता संपत नाही, ती रूप बदलते. बाहेरच्या भागाची हमी ठराविक मुदतीची असते. पुढे तार, चकती व बॅटरी यांचा खर्च कुटुंबावर पडतो. शेतमजुरी करणाऱ्या आईने, “गुरुजी, मशीन पेटीत ठेवलंय. पोरानं हरवलं तर भरून कुठून देऊ?” असे म्हटले, तर तिला दोष देणे सोपे आहे. तिला समजाविणे हे शिक्षकाचे काम आहे. “ताई, पेटीतलं मशीन मोडत नाही खरं, पण पोराचं ऐकणं रोज थोडं थोडं मोडतं. आपण त्याला दोरी बांधू, कॉलरला पीन लावू, पण कानावरच राहू द्या,” असे उत्तर ज्यास सुचले, त्याने अर्धे काम केले. जागेपणी सर्व वेळ यंत्र कानावर असणे, ही भाषावाढीची पहिली अट आहे. दुरुस्तीच्या साहाय्यासाठी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक व यंत्र ज्या संस्थेकडून मिळाले ती संस्था, यांच्याशी पालकांची गाठ घालून द्यावी.

घरात कोणती भाषा बोलावी, असा प्रश्न पालक विचारतात. जी घरची बोली तीच. कांदा निवडताना ‘मोठा’, ‘लहान’, ‘ओला’, ‘वाळलेला’, ‘पोत्यात टाक’ असे शब्द कामाच्या ओघात मिळतात. शेणगोठा, चूल, ओवी, आजीची गोष्ट ही सारी श्रवणशिक्षणाची साधने होत. शिक्षकांनी आठवड्याचे दहा नवे शब्द चिठ्ठीवर लिहून घरी पाठवावेत.

वर्गातील इतर मुलांना यंत्राची माहिती पालकांच्या संमतीने एकदा शांतपणे द्यावी. टोपणनावे ठेवू देऊ नयेत. शाळेत कोणी अधिकारी आले की त्या बालकास उभे करून यंत्र दाखविणे, हाही त्याचा अपमानच होय.

धोक्याची चिन्हे

तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणे, वांत्या किंवा गुंगी ही मेंदूच्या आवरणाच्या दाहाची चिन्हे असू शकतात. यंत्र असलेल्या बालकांत हा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून त्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि त्यासाठीच्या प्रतिबंधक लसी झाल्या आहेत काय, हे पालकांना विचारून ठेवावे. कान दुखणे किंवा वाहणे, चकतीखाली कातडी लाल होणे, डोक्यास मार लागून यंत्राच्या जागी सूज येणे, यांतही विलंब करू नये. कोणत्याही रुग्णालयात एमआरआय तपासणी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी यंत्राविषयी डॉक्टरांना सांगणे अनिवार्य आहे. यंत्राचे ओळखपत्र जवळ असावे.

नमुना पाठ

इयत्ता दुसरी. विषय: मराठी. घटक: ऐका व करा. वेळ: ३० मिनिटे. साहित्य: खडू, पाटी, टोपली; कान, पान, मान यांची चित्रे.

पहिली पायरी: खडू, पाटी, टोपली समोर मांडून शिक्षकांनी नाव उच्चारावे, मुलांनी वस्तू उचलावी. हे शब्द कानाला सहज वेगळे वाटतात.

दुसरी पायरी: ‘कान, पान, मान’ ही चित्रे दाखवून तोच खेळ. प्रथम ओठ दिसू द्यावेत, मग मुलांच्या मागे उभे राहून म्हणावे. ‘पान’ व ‘मान’ यांत चूक झाल्यास दोन्ही शब्द लागोपाठ ऐकवावेत.

तिसरी पायरी: ‘खडू टोपलीत ठेव’, ‘खडू टोपलीवर ठेव’, ‘खडू टोपलीखाली ठेव’. येथे सारा अर्थ शब्दाच्या शेवटाशी आहे.

चौथी पायरी: आता मुलांनी आज्ञा द्यावी व शिक्षकांनी पाळावी. यंत्र असलेल्या बालकाने दिलेली आज्ञा वर्गाने पाळली की त्याचे बोलणे कामी आले, याचा त्यास प्रत्यय येतो. शेवटी तीन वाक्ये फळ्यावरून वहीत उतरवून प्रत्ययाखाली रेघ ओढावी.

हा पाठ संपूर्ण वर्गासाठी आहे. त्या एका बालकास बाजूला काढण्याची त्यात गरज पडत नाही.

उपसंहार

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी होते, आणि जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे. परंतु पथक येते ते वर्षातून एखाददुसऱ्या वेळी. जन्मतः बहिऱ्या मुलास यंत्र जितके लवकर बसेल, तितकी भाषा अधिक येते. वर्षे निघून गेल्यावर बसविलेल्या यंत्राचा लाभ फार कमी होतो. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याचे धाकटे भावंड हाकेला वळत नाही, असे कानी आले, तर शिक्षकांनी ‘मोठे झाले की बोलेल’ या समजुतीवर न थांबता त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राकडे त्याची वाट दाखवावी.

यंत्र लाखो रुपयांचे असते. त्याची किंमत सार्थकी लागणे मात्र सकाळच्या सहा ध्वनींवर, कडेच्या एका जागेवर, वळून बोलण्याच्या सवयीवर आणि डबीतल्या एका बॅटरीवर अवलंबून राहते. या चारही गोष्टी प्रत्येक शाळेच्या आवाक्यातील आहेत.

केंद्र संमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या खोलीत आवाज कोठून येतो? खर्च न करता तो कसा कमी करता येईल?

२. दोन इयत्ता एकत्र असता कोणत्या तासिका शांत ठेवता येतील, याचे वेळापत्रक तयार करा.

३. श्रुतलेखनाऐवजी शुद्धलेखन तपासण्याच्या तीन रीती सुचवा.

४. आपल्या गावातील पाच वर्षांखालील किती बालके हाकेस वळत नाहीत? अंगणवाडी सेविकांच्या साहाय्याने यादी करा.